लाल चिठ्ठीची त्रेसष्ट मॉडेल्स

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
नवी वही. पहिल्या पानावर आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू. पारदर्शक हातपंप, आतली झडप दिसते असा. मधोमध कापलेलं वाफेचं इंजिन. सायकलच्या गिअरवर फिरणारं ग्रहणयंत्र. रबरी नळ्यांतून लाल पाणी खेळवणारं हृदय. धरण, चार दरवाजे, चारही वेगवेगळे उघडतात. माणसाचा कान, आठपट मोठा. सूर्यमाला, शनीच्या कड्यासह. घरचं: प्रभाच्या पुरणयंत्राचा दांडा, मीटरच्या पेटीचं दार, स्वयंपाकघरातली मांडणी (२०१६ पासून, काम चालू).
शिक्षण दहावी. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. जुन्या बाजारातून बंद यंत्रं आणून, उघडून शिकलो. आज हुद्दा मुख्य मॉडेलकार, शैक्षणिक प्रतिकृती केंद्र, दिल्ली. सरकारी शाळांना विज्ञानाची मॉडेल्स पुरवणं हे आमचं काम. स्टाफ दोन: मी, आणि रंगकामाला विजयालक्ष्मी, गेली अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर.

१ सप्टेंबर. दुपारी ३.१०
ऑर्डर आली! यापुढे दर पाच वर्षांनी प्रत्येक सरकारी कार्यालयानं सिद्ध करायचं की आपण कशासाठी आहोत. पटवता आलं नाही तर ३१ मार्चला पैसे बंद.
गेल्या ऑक्टोबरात मंत्रालयाला नेमकी हीच सूचना मी केली होती. सहा पानी पत्र, मुद्दे एकवीस. पोच आली नव्हती. आता कारण कळलं. ते कामाला लागले होते.

२ सप्टेंबर
प्रभाला सांगितलं की देशात मोठा बदल होतोय आणि त्याचं मूळ या घरात आहे. ती म्हणाली, अहो ते सगळं ठीक, पण पाच वर्षांत तुमच्याकडनं किती मॉडेलं शाळेत गेली? म्हटलं, प्रश्नच चुकीचा आहे. ती म्हणाली, मग तेही ऑर्डरमध्ये लिहून घ्यायचं होतंत.

५ सप्टेंबर
आमची शेड इमारतीच्या तळमजल्यावर, वर पत्रव्यवहार समन्वय कक्ष. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा आणि तो दुसऱ्या कार्यालयाला पाठवायचा. तिथून आला की पुन्हा नंबर. स्टाफ सतरा. बंद होणाऱ्यांत यांचा पहिला नंबर लागणार. त्यांचा प्रमुख प्रतीक, वय चौतीस, पोरगा तसा सज्जन. लिफ्टमध्ये भेटला तेव्हा वाईट वाटलं. म्हटलं, बेटा, अभी से कुछ और देख लो. तो म्हणाला, जी भालचंद्र जी, बिल्कुल. हसत होता. बिचारा.

९ सप्टेंबर
आढाव्याचा फॉर्म आला. चौदा पानं. प्रश्न सहा: पाच वर्षांत किती वस्तू पूर्ण करून बाहेर पाठवल्या?
बनवलेली मॉडेल्स अडुसष्ट. पाठवलेली पाच. उरलेली त्रेसष्ट स्टोअरमध्ये, प्रत्येकावर लाल चिठ्ठी, चिठ्ठीवर माझ्या अक्षरात दोष. हातपंप क्र. ७: झडप ०.४ मिमी सैल. हृदय क्र. ३: डावी झडप किंचित उशिरा उघडते. सूर्यमाला क्र. २: शनीचं कडं अर्धा अंश तिरकं. इतकी काटेकोर तपासणी भारत सरकारात कुठेही नसेल. आढाव्याची कमिटी बघत राहील.
विजयालक्ष्मी म्हणाली, सर, अभी भी टाइम है, तिरसठ के तिरसठ भेज दो ना. बच्चे थोड़ी शनि का एंगल नापेंगे. मी सांगितलं, मुलांना एकदा चुकीचा शनी दाखवला की तो जन्मभर तसाच राहतो. ती म्हणाली, सर, और मेरा कॉन्ट्रॅक्ट मार्च तक रहता है.
तिला धीर दिला. निश्चय: १५ नोव्हेंबरपर्यंत त्रेसष्टही निर्दोष करून रवाना करायची. दिवसाला एक, रविवारी दोन. तक्ता करून भिंतीला लावला. तक्ता डावीकडे जरा उतरतोय.

१० सप्टेंबर
तक्ता पुन्हा केला.

२२ सप्टेंबर
तक्त्याप्रमाणे आज चौदा व्हायला हवी होती. झाली दोन. पण कशी झालीत! हातपंप क्र. ७ ची झडप आता अशी बसते की हवासुद्धा जाणार नाही.

२३ सप्टेंबर
पाणीही जात नाही. नवी चिठ्ठी.

६ ऑक्टोबर
एकूण चार दुरुस्त. फेरतपासणीत तिघांना पुन्हा लाल चिठ्ठी. चौथं धरण. ते हातावेगळं करणार तोच विजयालक्ष्मी म्हणाली, सर आप इसको मत देखो, मैं पॅक कर देती हूँ. न बघता कसं पाठवणार? बघितलं. तिसऱ्या दरवाज्याला ओरखडा आहे. भिंगातून दिसतो.
तिनं पॅकिंगचा खोका घडी घालून ठेवला.

९ ऑक्टोबर
आंघोळ करताना आठवलं, रेवाडीजवळच्या एका शाळेला चार वर्षांपूर्वी जो कान पाठवला, त्यातल्या तीन हाडांपैकी मधलं दीड मिलिमीटर लांब होतं. पाठवल्यानंतर लक्षात आलं होतं, पण राहून गेलं. आढाव्याच्या तोंडावर असली वस्तू बाहेर असणं बरं नाही. परत मागवण्याचं पत्र आजच धाडलं.

१७ ऑक्टोबर
त्या शाळेच्या मुख्याध्यापिका रेवती मॅडमचा फोन. म्हणाल्या, कान रोज वापरात आहे, मुलं रांग लावून हाडं हलवून बघतात, कृपा करून नेऊ नका. मी समजावलं की मुलांच्या डोक्यात दीड मिलिमीटरची चूक बसतेय. त्या म्हणाल्या, साहब, यहाँ और कुछ है ही नहीं बिठाने को. नियमानं जावं लागतं. गाडी पाठवून कान आणवला.
प्रश्न सहाचं उत्तर खोडून लिहिलं: चार. खाडाखोडीवर सही केली. एवढा प्रामाणिक फॉर्म दुसरा आला असेल असं वाटत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
सोसायटीत खालच्या मजल्यावर अण्णासाहेब राहतात. मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त, आता मयूर विहारमधले सगळे त्यांना फॉर्म विचारायला जातात. आपला फॉर्म अभिमानानं दाखवला. चष्मा काढून म्हणाले, अरे भालचंद्र, हे तू शत्रूच्या कार्यालयाबद्दल लिहिलंयस का?
मग वाद. ते म्हणाले, आढावा घेणाऱ्याला मोजता येतं तेवढंच दिसतं. मुलानं हाडं हलवून बघितली, हे कुठल्या रकान्यात घालणार? आणि या आढाव्यासाठी जो नवा कक्ष निघालाय, शेहेचाळीस पदं, त्याचा आढावा कोण घेणार? मी म्हटलं, अण्णासाहेब, जनतेचा पैसा घेतो तर पाच वर्षांतून एकदा हिशेब द्यायला लाज कसली? जे निरुपयोगी ते बंदच व्हायला हवं. ते म्हणाले, मुद्दा बरोबर आहे रे. पण निरुपयोगी माणसाला आपण निरुपयोगी आहोत हे माहीत असतं, म्हणून तो आधी आकडे तयार ठेवतो. तुला माहीत नाही.
यातलं शेवटचं वाक्य कौतुक म्हणून घेतलं.
प्रभा म्हणाली, ते कौतुक नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज कमिटीची भेट. आठ दिवस शेड झाडत होतो. स्टोअरमध्ये चौसष्ट मॉडेल्स चार रांगांत, चिठ्ठ्या समोर दिसतील अशा. हवेचा निर्देशांक ४३८. सकाळी मेसेज: प्रदूषणामुळे निम्मा स्टाफ घरून, कमिटी ऑनलाइन बघेल.
विजयालक्ष्मीनं मोबाईल धरला, मी चालवून दाखवत गेलो. हृदय सुरू केलं तेव्हा एका मेंबरचा आवाज: यह क्या है, प्लंबिंग? नेटवर्क कमजोर होतं. मग कमिटीच्या प्रमुख रुचिता मॅडमनी विचारलं, ये लाल-लाल क्या लगा है सब पर? हाच प्रश्न हवा होता! चिठ्ठी क्र. १ पासून वाचायला लागलो. बावीस मिनिटं ऐकलं त्यांनी. मध्ये एकदाही टोकलं नाही.
विजयालक्ष्मी नंतर म्हणाली, सर, सातवीं चिट्ठी के बाद उनकी स्क्रीन अटकी हुई थी. पण ऐकू तर जात असणार.

१३ नोव्हेंबर
समाधान. लाल चिठ्ठ्यांची दखल घेतली गेली. अहवालात खास उल्लेख येणार.

९ जानेवारी
खास उल्लेख आला.
"केंद्राच्या स्वतःच्या नोंदींनुसार उत्पादनातील चौऱ्याण्णव टक्के वस्तू सदोष. पाठवलेली चार. शाळेकडून परत आलेली एक." परत आलेली नाही, मी आणवली. हा तपशील चुकीचा आहे.
निर्णय: ३१ मार्चपासून निधी बंद.
पत्रव्यवहार समन्वय कक्ष: पाच वर्षांत हाताळलेले कागद एक लाख अठरा हजार चारशे सहा. शेरा: उत्कृष्ट. पदं सतरावरून एकवीस.
यात आमच्याकडे आलेले आणि आमच्याकडून गेलेले कागदही धरलेत. एकट्या कान परत मागवण्याच्या प्रकरणातले नऊ.

१० जानेवारी
खचलो नाही. अपील करता येतं, मुदत ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच. मुद्देसूद लिहिणार. चौऱ्याण्णव टक्के हा आकडाच मुळात चूक आहे. चौसष्ट भागिले अडुसष्ट म्हणजे चौऱ्याण्णव पॉइंट एक दोन.

३० जानेवारी
अपील तयार. एकोणीस पानं, आकृत्या सात. उद्या देतो.

३१ जानेवारी. दुपारी ४.२०
पान अकरावरच्या आकृतीत एक माप सेंटिमीटरमध्ये, बाकी सगळी मिलिमीटरमध्ये. असं कसं देणार? प्रभाचा फोन, दिलंत का? म्हटलं, एवढी आकृती काढतो. ती म्हणाली, अहो, वाकडं असेल तर वाकडं द्या, पण द्या. आवाज रडवेला वाटला. सर्दी असावी.

३ फेब्रुवारी
दिलं. निर्दोष. खिडकीवरच्या बाईंनी उघडलंच नाही. तारखेकडे बोट दाखवलं.

३१ मार्च
शेवटचा दिवस. मला सरकार दुसरीकडे सामावून घेणार, मी परमनंट. विजयालक्ष्मीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तिनं ब्रश धुऊन वाळत लावले, मला सामोसा आणला. मी म्हटलं, तुझ्या कामात कधीच दोष नव्हता. ती म्हणाली, सर, ग्यारह साल में एक बार बोल देते. मग स्टोअरच्या दाराशी थांबून म्हणाली, एक चिट्ठी मुझ पर भी लगा दो, पता तो चले कमी क्या थी.
उत्तर नीट सुचेपर्यंत तिची शेअर ऑटो आली.

७ एप्रिल
नवीन नेमणूक. पत्रव्यवहार समन्वय कक्ष. एकवीसपैकी अठरावं पद. साहेब: प्रतीक. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, भालचंद्र जी, आराम से. काम: आवक कागदावर शिक्का.
शिक्का तीन अंश तिरका उठतो. सांगितलं. तो म्हणाला, जी, बिल्कुल. कागद पुढे गेले.

२१ मे
चौसष्ट मॉडेल्सचा लिलाव. वजनावर. ४१२ किलो. घेणारा सुजय म्हणून कोणी, मानेसरला शेड आहे. खिडकीतून बघत होतो. हमालांनी सूर्यमाला उलटी धरली होती. चौथ्या गाडीनंतर शिक्के मारायला बसलो. आज दोनशे बारा झाले. प्रतीक म्हणाला, रेकॉर्ड है.

११ जून, गुरुवार. संध्याकाळी ७.१५
सुजयचा फोन. त्यानं चौसष्टही मॉडेल्स नऊ दिवसांत खासगी शाळांना विकली. चिठ्ठ्या काढल्या, पुसलं, विकलं. एकही तक्रार नाही. आणखी ऑर्डरी आहेत. नंबर विजयालक्ष्मीनं दिला म्हणाला, ती १ तारखेपासून त्याच्याकडे रंगकामाला आहे. तिनंच सांगितलं की असा हात असलेला माणूस दुसरा नाही. काम तेच, लेथ नवीन, जाण्यायेण्याला गाडी. अट एकच: वस्तू झाली की त्याची, मी पुन्हा तपासायची नाही.
मी म्हटलं, आधी ती चौसष्ट परत मागवा. तो हसला. थट्टा वाटली असेल. मग म्हणाला, सर सोचकर बताइए, मैं होल्ड करता हूँ. खरंच थांबला, मागे लेथचा आवाज येत होता. कोणीतरी बाई, सर मान गए क्या, असं विचारत होती.
मी नको म्हटलं. महिना एक लाख दहा हजार देत होता.