पुढच्या डाव्या टायरची आतली कड

मी, टेलिफोन खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र करते. डोके ठिकाणावर आहे. जीभही आहे, हे घरच्यांना सांगायला नको. कोणाची जबरदस्ती नाही. हात थरथरतो म्हणून मी सांगते आहे आणि दुसरा माणूस लिहितो आहे. त्याने काही गाळू नये, काही मऊ करू नये. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात गाडी पुतण्याला देताना सुनेबद्दल जे लिहिले होते, ते वाचायचीही आता लाज वाटते.

१. राहते घर मुलगा आणि सून यांना निम्मे-निम्मे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मुलाने बसवावी. "पावसाळ्याआधी बसवतो" म्हणाला होता. कोणत्या, ते म्हणाला नव्हता.

२. बँकेतली ठेव माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेला. चूक झाली की तिथल्या सिस्टर वर्गासमोर उभे करून ती पूर्ण वाक्यात सांगायला लावत. मुलाला मी ही सवय लावली नाही. लाड केले.

३. धाकट्या दिरांना काही नाही. माझ्याच घरचा चहा पीत ते म्हणाले, "वहिनी, बाईच्या हातात गाडी दिलीत, आता टायर बदलत बसा." आणि मी, स्वतः अर्धे आयुष्य गाडी चालवलेली बाई, हसले. त्या हसण्याचे काय करावे, कळत नाही.

४. गाडी, यजमानांचा जॅक आणि हवा मोजायचे यंत्र सुनेला. कारण सांगणे भाग आहे.

पुढचा डावा टायर दोनदा बदलावा लागला. बाहेरून नवाकोरा, आतली कड मात्र पार गुळगुळीत. मी निकाल दिला, सून करकचून ब्रेक मारते. ती परोपरीने सांगत होती, "आई, खरंच, स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे जाते." मी म्हणाले, "गाडी नाही गं, तुझं मन जातं. माहेर डावीकडेच आहे ना?" मुलगा समोर जेवत होता. एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिने किल्ली कपाटावर ठेवली आणि रक्तपेढीतल्या कामाला दोन बस बदलून जाऊ लागली.

तेव्हापासून गाडी मुलगाच चालवत होता, तरी परवा तिसरा टायर घ्यायची वेळ आली. मुलगा नको नको म्हणत असताना मी गॅरेजला सोबत गेले. मेकॅनिकने चाके यंत्रावर तपासली. "मावशी, चाक बाहेरच्या बाजूला तोंड करून चालतंय. पुढे जाताना रस्त्यावर घासतं, म्हणून आतली कड जाते. ब्रेकने असं होत नाही." मग मुलाकडे वळून अगदी सहज, "साहेब, दुभाजकावर आपटलात तेव्हाच म्हणालो होतो ना, रॉड वाकलाय, बदलून अलाइनमेंट करू? तुम्ही म्हणालात, नुसता टायर टाक."

परत येताना गाडीत आम्ही दोघेच.

"का रे बोलला नाहीस?"

"आई, तू महिनाभर बोलत राहिली असतीस."

"म्हणून ते तिला ऐकू दिलंस?"

"मला वाटलं, विसरशील."

मी विसरत नाही, हे त्याला पाळण्यापासून माहीत आहे.

लिही, थांबू नकोस. मला त्याची लाज वाटते. त्याहून जास्त याची, की टेलिफोन खात्यात आयुष्यभर कानाला यंत्र लावून परक्यांचे ऐकले आणि घरातल्या एकीचे ऐकले नाही. आणि याचीही, की माझ्या तोंडाला घाबरून पोटचा मुलगा बायकोच्या मागे लपला.

रॉड बदलला आहे, अलाइनमेंट झाली आहे. पुढे कुठे जोरात आपटली, तर लगेच पुन्हा करून घ्यावी. मुलाला गाडीत बसायचे असेल तर तिला विचारून बसावे. ती गाडी घेईल का, ठाऊक नाही. काल किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली. "असू दे, आई," म्हणाली आणि बस पकडायला गेली.

५. काढलेला टायर मुलाला. विकू नये, टाकू नये. गॅलरीत ठेवावा, आणि आतली कड भिंतीकडे करून ठेवू नये.

ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल.
दिनांक: गाडी गॅरेजमधून आली त्यानंतरचा रविवार.

मृत्युपत्र करणारी: (सही, थरथरती पण माझीच)

साक्षीदार:
१. गॅरेजचे मेकॅनिक (सही)
२. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)

लिहिणार: मुलगा (सही)

लिहिणाराची नोंद: कलम ४ मध्ये "एक अक्षर बोलला नाही" हे आईने सांगितले तसे लिहिले आहे. ते खरे नाही. मी बोललो होतो. "आई बरोबर सांगतेय, जरा सांभाळून चालवत जा," असे मी माझ्या बायकोला म्हणालो होतो. ही नोंद मी साक्षीदारांसमोर आणि तिच्यासमोर उभे राहून वाचली.