रेक्ट झाल्याच्या टाळ्या

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही, ही शेजारीच असते, म्हणून पत्र. मागे तुला त्या क्रिप्टोच्या नाण्यांबद्दल सांगत होतो आणि तू जांभई दिली होतीस. त्यात मी रेक्ट झालो. आमच्या ग्रुपमधला शब्द आहे. आपले आणि वर उसने पैसे लावायचे, भाव कोसळला की सगळं साफ, आणि माणूस रेक्ट. ग्रुपची रीत अशी की बुडाल्याबरोबर स्क्रीनचा फोटो टाकायचा, मग सगळे टाळ्या पाठवतात. मला चारशे टाळ्या पडल्या. खरं सांगतो, तासभर बरं वाटलं.

गेले ते हिच्या चष्म्याच्या दुकानासाठी ठेवलेले पैसे. सगळेच. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काचा घासल्या, आता राजीनामा देते म्हणते. परवा भिंतींना कोणता रंग द्यावा विचारत होती, मी फिकट निळा म्हणालो. तू तिला सांगशील का? तुझं ती ऐकते.

लोभ असावा, सध्या जरा जास्तच.

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. शाळेत परीक्षा चालू आहेत, पेपरांचा ढीग पडलाय. तुझ्या भाच्याने सायकलवरून पडून दात पाडून घेतला. तुझ्यापेक्षा स्वस्तात सुटला.

तुझा शब्द मला आवडला नाही, काही पराक्रम केल्यासारखा वाटतो. आपण त्याला बायकोचे पैसे घालवणं म्हणतो. आणि ते तूच सांगायचं. लहानपणी काच तू फोडायचास आणि पुढे मी व्हायचे, ते आता पुरे. मात्र तिने राजीनामा द्यायच्या आत सांग. चिडेल, अबोला धरेल, पण पगार तरी हातात राहील. जेवण झाल्यावर सांग, उपाशीपोटी नको. मी तिला काही लिहीत नाही.

आशीर्वाद आहेतच, कानउघाडणी भेटल्यावर.

ताई

२१ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

काल ह्यांनी सांगितलं. मला त्या शब्दाचा अर्थ कळेना, म्हणून ग्रुप उघडून टाळ्या दाखवल्या. मग तुमचं पत्र दाखवलं. जेवण झाल्यावर सांगायचं, तेवढं तुमचं ऐकलं.

राजीनामा मी सोमवारीच दिला. माझ्या जागी नवी मुलगी आली, तिला लेन्स बसवायला मीच शिकवलं. हाताला सफाई आहे तिच्या. आज परत घेता का विचारायला गेले, तर मालक म्हणाले, "घेतो, पण मग तिला काढावं लागेल." मी नको म्हटलं.

ह्यांच्यावर रागावले आहे, तो राग ओसरेल. ते घाबरले होते. तुम्ही घाबरला नव्हता. त्या चारशे जणांना मी कोण ते ठाऊक नव्हतं, तुम्हाला होतं. तुमचं पत्र दहा तारखेचं, माझा राजीनामा सोळाचा. मधल्या दिवसांत एक ओळ मला टाकली असतीत, तर आज मी कामावर असते. याचं मला फार वाईट वाटलं.

भाच्याचा दात कसा आहे, कळवा. लोभ असावा, पण यापुढे मला सांगून.

आपली,
भावजय