सर्वाधिक फटके

लोणी, रविवार, दिवेलागण

मोसमातली शेवटची स्पर्धा संपवून आज गावी उतरले, तर स्टँडवर फ्लेक्स. ‘महिला व्यावसायिक गोल्फमध्ये यंदा सर्वाधिक फटके मारल्याबद्दल लेकीचं अभिनंदन!’ निकालात माझा आकडा सगळ्यांत मोठा दिसला, छापून मोकळे. अरे, गोल्फमध्ये कमी फटके मारणारी जिंकते! सर्वाधिक म्हणजे मी शेवटची. आणि माझ्यापेक्षा मोठा फोटो नानाकाकांचा! पोरीच्या हातात काठी कशाला, म्हणून आईला टोचत राहिलेले हेच ना? वर मलाच विचारतात, “लई भारी झालाय नव्हं?”

सांगून टाकावं? का म्हणून? सर्वाधिक फटके! माझी नाचक्की त्यांनी स्वतःच्याच फोटोखाली छापलीय.

“भारीच झालाय, काका,” म्हटलं. “मंचरच्या चौकातबी एक लावा.”