ढोलबंदीच्या दिवसांत कर्णबधिर तरुणांच्या शिबिरास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. ढोलबंदी अंमलबजावणी अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, लान्तेमान

विषय : खाडीकाठच्या तळावर कर्णबधिर तरुण मंडळाचे चार दिवसांचे शिबिर भरवण्यास परवानगी मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्यांवरील आपली तीन उत्तरे, पैकी दोन शब्दशः एकसारखी.

महोदय,

मी खाली सही करणार थिओफिलस लार्ते आशोंग, धंद्याने सुतार, खाडीकाठच्या चर्चमधील कर्णबधिर तरुण मंडळाचा प्रमुख, आपणांस पुन्हा एकदा सविनय कळवतो की, आमच्या मंडळातील सत्तावीस मुलामुलींना ऐकू येत नाही. ही गोष्ट मी पहिल्या अर्जात दुसऱ्या परिच्छेदात लिहिली होती. दुसऱ्या अर्जात ती पहिल्या ओळीत आणली. तिसऱ्यात तिच्याखाली लाल रेघ मारली. तरीही उत्तर तेच आले की, सणाआधीच्या बंदीत ढोल, टाळ्या, कर्णे व सामुदायिक गायन यांस मनाई असल्याने कोणत्याही चर्चच्या शिबिरास परवानगी देता येत नाही.

१. बंदीबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. मी याच गावचा आहे. मका पेरून झाला की होमोवोचा सण जवळ येईपर्यंत गावाने आवाज खाली ठेवायचा, हे मला कोणी शिकवायला नको. उलट आम्ही हेच दिवस मुद्दाम निवडले. इतर चर्चच्या पोरांना गाण्याबजावण्याशिवाय शिबिर जमत नाही, त्यामुळे या महिन्यात तळ ओस पडलेला असतो आणि मालकीण आंटी आजेले तो आम्हाला अर्ध्या भाड्यात देतात. एरवी तो आमच्या ऐपतीबाहेर आहे.

२. ताकाला जाऊन भांडे लपवणे मला जमत नाही, म्हणून पहिल्याच अर्जात मी आपण होऊन लिहिले होते की, प्रार्थनेच्या वेळी आम्ही एक मोठा ढोल लाकडी फळ्यांवर ठेवून वाजवतो. मुले त्या फळ्यांवर अनवाणी उभी राहतात आणि ताल त्यांना तळपायांतून कळतो. खरे लिहिले, ते नडले. तेव्हापासून आमच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत 'ढोल' असा शेरा आहे. यंदा ढोल न्यायचा नाही असे मुलांनी आपसांत ठरवले आहे. ठरवताना त्यांची तोंडे बघण्यासारखी झाली होती. ढोल माझ्या दुकानात कुलपात आहे. कुलपाची किल्ली आपले लिपिक श्री. ओकाइन यांच्याकडे जमा करतो म्हटले, तर किल्ली स्वीकारण्याचा छापील नमुना कार्यालयात नाही, असे समजले.

३. आपल्या सूचनेनुसार मी बंदी जाहीर करणाऱ्या देवस्थानच्या मोठ्या पुजाऱ्यांकडेही जाऊन आलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, आपण महिनाभर बंदी पाळतो तर जीव कासावीस होतो. ही पोरं बारा महिने पाळतात. त्यांना कसली परवानगी मागायला लावता? जा, खुशाल राहा." हे मी कार्यालयात येऊन सांगितले असता, तोंडी संमती ग्राह्य धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. पुजारीबाबा लेखी काही देत नाहीत, हे आपण जाणताच.

४. यानंतर आपली ध्वनी तपासणी समिती आमची प्रार्थना तपासायला आली. तिघे जण दोन मोटारसायकलींवरून आले. त्यांचा फटफटाट बाजारापर्यंत ऐकू गेला, असे मासळीवाल्या बायकांनी मला नंतर सांगितले. समितीने तासभर बसून मुलांचे खुणांनी प्रार्थना करणारे हात पाहिले. मध्येच एका सदस्याच्या फोनवर बँडबाजा वाजला. समितीचा अहवाल असा : "तपासणीवेळी अर्जदाराकडून कोणताही आवाज आढळला नाही. त्यामुळे आवाजाचे मोजमाप होऊ शकले नाही. मोजमापाअभावी तपासणी अपूर्ण. अर्जदाराने मोजता येईल इतका आवाज करून दाखवावा." साहेब, आवाज केला तर बंदी मोडते आणि दंड होतो. न केला तर तपासणी अपुरी. मी लाकूड तासणारा माणूस आहे, मला यातून वाट दिसत नाही. आपल्याला दिसत असल्यास कळवावी.

५. आता हे शिबिर कशाला एवढे हवे, ते सांगतो. आमच्या मंडळात कोर्कोर नावाची सतरा वर्षांची मुलगी आहे. ती मामाच्या घरी किनाऱ्यावर धुरावर मासळी सुकवते. मामा माणूस वाईट नाही, पण त्या घरात कोणालाही हातांनी बोलता येत नाही. त्यांच्याकडे तिच्यासाठी तीनच खुणा आहेत : ये, खा, उचल. रविवारी तिला सुटी मिळत नाही, म्हणून ती चर्चला येऊ शकत नाही. वर्षातले शिबिराचे चार दिवस ती बोलते. गेल्या वर्षी परवानगी मिळाली नाही, त्यामुळे गेल्या वर्षी ती बोलली नाही. सण झाला की मामा तिला परदेशी, आबिजानला मावशीकडे कामाला पाठवणार आहे. तिकडे हातांनी बोलणारे तिच्या ओळखीचे कोणी नाही. म्हणजे हे तिचे शेवटचे शिबिर. माझी आई बहिरी होती. घरात आम्ही सगळे तिच्याशी हातांनी बोलायचो, म्हणून ती दिवसभर बडबड करायची, भांडायची, शेजारणींच्या नकला करायची. कोर्कोरकडे पाहिले की मला फार वाईट वाटते, ते याच कारणाने.

६. गेल्या गुरुवारी आपल्या पत्रानुसार, मुले खरोखर बहिरी असल्याची खातरजमा करण्यासाठी मी सत्तावीसही जणांना एका भाड्याच्या ट्रोट्रो गाडीत कोंबून आपल्या कार्यालयात आणले. मामालाही आपले पत्र दाखवावे लागले. सरकारी शिक्का पाहून त्याने कोर्कोरला मुकाट्याने सोडले. श्री. ओकाइन यांनी दारात उभे राहून एकेकाचे नाव पुकारले. कोणीच उठले नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांपुढे 'गैरहजर' लिहिले. मी आतून धावत आलो, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "मग काय बोंबलत बसू? बंदी आहे, आशोंग. बसवा त्यांना व्हरांड्यात. साहेबांना सवड झाली की बघू."

आपल्याला सवड झाली नाही. मुले सकाळपासून कार्यालय बंद होईपर्यंत व्हरांड्यात बसून होती. त्यांनी बाक ओढून गोल केला. दुपारी मक्याच्या पिठाचे केंके आणि तळलेली मासळी खाल्ली. कोर्कोर सकाळी जी बोलायला लागली ती थांबेचना. मामाच्या बोटीबद्दल, आबिजानबद्दल, तिला तिथे जायची भीती वाटते त्याबद्दल, आणि एका तांडेलाच्या चालण्याची तिने अशी नक्कल केली की दोन पोरे हसून बाकावरून खाली पडली. आपला पहारेकरी मला येऊन म्हणाला, "दादा, एवढी माणसं आणि एवढं सामसूम. मला वाटलं कोणाच्या मयतीला आलेत." संध्याकाळी त्याने फाटक लावायला घेतले, तेव्हा कोर्कोरने मला विचारले, "उद्या पुन्हा यायचं आहे ना?" मी म्हणालो, "साहेबांना विचारतो."

तेव्हा साहेब, ते आता विचारत आहे.

वरील सर्व बाबींचा विचार होऊन शिबिरास परवानगी मिळावी. ती नियमात बसत नसल्यास, माझी दुसरी विनंती आहे. खातरजमा अद्याप झालेली नाही, ती बाकी आहे. कोर्कोरचे नाव ठळक घालून, सत्तावीसही जणांना समक्ष हजर राहण्याचे शिक्क्यानिशी नवे पत्र काढावे, आणि ते येत्या सोमवारपासून गुरुवारपर्यंतचे असावे. व्हरांड्यात थांबायला परवानगी लागत नाही, हे मी श्री. ओकाइन यांना विचारून घेतले आहे. तिथे सावली आहे, नळ आहे. जेवण आम्ही आणू. रात्री मुले माझ्या दुकानात झोपतील.

फक्त ते चार दिवस आपण कामात असावे, आणि आम्हाला आत बोलावू नये.

आपला नम्र, बाकावरचा,
थिओफिलस लार्ते आशोंग
लान्तेमान, १३ मे