डबा तुमचा, मशेरी आईची

पेण,
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप दिनानाथमामा,
पेणहून जितेशचा वाकून नमस्कार.

दोन वर्षांत तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही, याची आधी क्षमा मागतो. फोन केले, हे खरं. पण फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता, मी ‘बरं’ म्हणतो, आणि मग दोघंही एकमेकांच्या घरचा पंखा ऐकत बसतो. त्याला बोलणं म्हणता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? रोह्यात थंडी पडली का? जेवण वेळेवर घेता ना? (हे प्रश्न रीत म्हणून विचारलेले नाहीत. लिहून झाल्यावर मी थांबून स्वतःला तसं विचारलं. निदान गुडघ्याचा तरी मनापासून आहे, असं उत्तर आलं.) इकडे सगळे खुशाल. तुमच्या भाचेसुनेचं, सुरभीचं, शाळेत शिकवणं आणि माझ्या कंपनीतल्या शिफ्टा चालू आहेत. आईचे दात बहात्तराव्या वर्षीही शाबूत आहेत आणि त्याचं सगळं श्रेय ती मशेरीला देते. आज लिहायचं आहे ते त्या मशेरीबद्दलच, पण तिथे पोचेपर्यंत थोडा वळसा पडेल. तुम्हाला माझी सवय आहे.

मामींच्या तेराव्याला तुम्ही तुमचा तंबाखूचा डबा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “घेऊन जा. नायतर कुंडलिकेत टाक.” पाईप मात्र दिला नाहीत. तो सदऱ्याच्या खिशातच राहिला, आणि मीही मागितला नाही. त्याआधी थोडाच वेळ आई सगळ्या बायकांसमोर तुम्हाला म्हणाली होती, “तुझ्या धुरानं घालवली माझ्या भावजयीला.” मामी मूत्रपिंडाच्या आजाराने गेल्या, धुराचा त्यात काही संबंध नव्हता, हे डॉक्टरांनी आईच्या समोरच सांगितलं होतं. पण ती रडून दमली होती, कुणावर तरी रागवायचं होतं, आणि रागवायला तिला तुमच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही उठून डबा आणायला आत गेलात. त्यानंतर पेणला मात्र आला नाहीत. मागचा जानेवारी कोरा गेला, हाही चालला आहे. तुमच्या वालाच्या शेंगा नाहीत म्हणून अंगणात पोपटीचं मडकं जाळावर लागलं नाही, आणि आईची तंबाखूही आली नाही. बहिणीला मशेरी भाजायला तंबाखूच्या पानांची जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळून, दर जानेवारीला आणायची ही तुमची रीत. “लोकांचे भाऊ लुगडी आणतात, माझा तंबाखू आणतो,” असं आई शेजारी सांगायची. सूर तक्रारीचा असायचा, पण सांगायची मात्र सगळ्यांना.

डबा मी कुंडलिकेत टाकला नाही. नदीच्या पुलावर उभा राहिलो होतो. झाकण उघडून एकदा शेवटचा वास घ्यावा म्हटलं, आणि तिथेच घात झाला. तो डबा घेऊन पेणला आलो आणि कपाटावर ठेवला. (टाकून द्यायला दिलेली वस्तू ठेवून घेतली तर ती चोरी की सांभाळ, यावर माझ्या डायरीत बरीच पानं खर्ची पडली आहेत. निकाल लागलेला नाही.)

कॉलेजची तीन वर्षं मी तुमच्या घरी राहिलो. त्यातले विषय मला फारसे आठवत नाहीत, वास आठवतो. तुमच्या धाटावच्या कारखान्यातल्या साहेबाने नोकरी सोडून जाताना तुम्हाला आपला पाईप दिला, आणि विड्या ओढणाऱ्या अख्ख्या आळीत तुम्ही एकटे पाईपवाले झालात. मुंबईहून कुणी येणारं असलं की दोन पाकिटं मागवायचात. एक काळी, ओलसर, सुक्या अंजिरासारखी. दुसरी पिवळी, नव्या पेंढ्याच्या वासाची. दोन वाटे पिवळी, एक वाटा काळी, वर गुळाच्या पाण्याचा हबका, आणि मग डबा सावलीत, मामींच्या पोह्याच्या डब्याला टेकून. मामी ओरडायच्या, “माझ्या पोह्यांना वास लागतो.” पण डबा हलवायच्या नाहीत. (त्यांच्या पोह्यांना खरोखरच वास लागायचा. मला ते पोहे अजून हवे आहेत.)

पाईप भरायची तुमची शिकवण मला तोंडपाठ आहे. “भाताची लावणी करतात तशी लाव. रोप रोवायचं, गाडायचं नाय.” मग दोन काड्या. पहिली साखरपुड्याची, ती विझणारच, दुसरी लग्नाची. पेटल्यावर ओढायची घाई करायची नाही, नुसती धुगधुगी राखायची. एकोणिसाव्या वर्षी, परीक्षा संपली त्या संध्याकाळी, तुम्ही तो पाईप मला एकदाच दिलात. मी विडीसारखा ओढला. जीभ पोळली, डोळ्यांना पाणी आलं, तरी “छान आहे” म्हणालो. तुम्ही म्हणालात, “छान कसला? अजून तुला काय कळलंच नाय. आधी गोड, मध्ये तिखट, आणि तळाला जे लागतं ते खरं. पण घाईवाले तळापर्यंत पोचत नायत.” मी पोचलो नाही. ओटीवर आडवा झालो आणि मामींनी लिंबाचं सरबत दिलं. त्यानंतर मी कधीही तंबाखू ओढली नाही, गेल्या आठवड्यापर्यंत.

झालं असं, की गेल्या आठवड्यात बाजारात एक बाई भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या घेऊन बसली होती. मी सहज एक पान चुरगळून हुंगलं आणि रस्त्यातच थबकलो. पोपटीच्या मडक्यात शेंगांच्या खालीवर हाच पाला, मडकं पालथं, भोवती जाळ, आणि जाळापलीकडे पाईप धरलेले तुम्ही. इतकी वर्षं ज्याला मी तुमच्या तंबाखूचा वास समजत होतो, त्यातला निम्मा भांबुर्ड्याचा तर नव्हता? (माणसाची सगळ्यात आवडती आठवणच भेसळीची निघाली, तर बाकीच्यांचं काय करायचं? या प्रश्नाने माझं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. सुरभीला वाटलं आमटी बिघडली.) शहानिशा करणं भाग होतं. मी डबा खाली काढला. तंबाखू वाळून कोंडा झाली होती. वास होता, पण लांबचा. दुसऱ्या आळीतलं लग्न ऐकू यावं तसा.

आता ओढायची कशात? पाईप तर तुमच्या खिशात. हमरापूरचा प्रणित माझा शाळेपासूनचा मित्र, त्याच्या घरी गणपतीचा कारखाना आहे. त्याला म्हटलं, मातीचा छोटासा पाईप करून दे. त्याने सुरेख करून दिला. हाताच्या सवयीने वर सोनेरी रंग मारला आणि बुडाला कमळ काढलं. मी गच्चीवर गेलो, तुमच्या पद्धतीने लावणी केली, साखरपुडा केला, लग्न लावलं. दुसऱ्या झुरक्याला दांडा मऊ लागला आणि तिसऱ्याला तोंडात चिखल झाला. प्रणितला फोन केला तर तो म्हणाला, “अरे, शाडूचाय तो. पाण्यात विरघळायलाच करतो आम्ही. तोंडात घालणार हे आधी सांगायचंस ना!” (पाईप आणखी कुठे घालतात, हे विचारायचं माझं राहून गेलं.) विसर्जन माझ्या जिभेवर पार पडलं. सुरभी वर आली, तिने माझे सोनेरी ओठ पाहिले आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी लवकर या.” पण मामा, पहिल्या झुरक्यात, माती लागायच्या आधी, तो गोडवा होता. तुमचाच होता, त्यात भांबुर्डा नव्हता. मी अगदीच खोटं आठवत नव्हतो.

त्या आनंदात माझी अक्कल गेली. उरलेल्या तंबाखूत पुन्हा जीव यावा म्हणून ती सगळी मी स्वयंपाकघरात आईच्या ताटात पसरली, गुळाच्या पाण्याचा हबका मारला, वर ओलं फडकं टाकलं आणि काल सकाळच्या शिफ्टला निघून गेलो. जानेवारी महिना, ओलं फडकं आणि खाली तंबाखू. माझ्या आईने याचा काय अर्थ लावावा, हे कुणीही सांगितलं असतं. दुपारी परतलो तर फाटकातच वास. अंजीर, गूळ, जळकं गवत, आणि तुम्ही. आत आई लोखंडी तव्यावर तुमची तंबाखू मशेरीसाठी काळी होईस्तोवर भाजत होती आणि शेजारची पुतळीकाकू दारात बसून बघत होती.

“दिनूची तंबाखू आली गो,” आई तिला सांगत होती. “फडक्यात गुंडाळून, नेहमीसारखी.”

“मग तो का नाय आला?”

“येल की. आधी तंबाखू येते, मागनं माणूस.”

मला पाहताच तिने विचारलं, “कुणाच्या हाती धाडली रे?” मामा, मी त्या वेळी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण आईचा चेहरा इतका उजळलेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हणालो, “आली ना? मग झालं तर.” (हे वाक्य खोटं नाही. खरंही नाही. असली वाक्यं बोलणाऱ्या लोकांबद्दल मी डायरीत पूर्वी बरंच कडक लिहिलं आहे.)

मशेरी निवाल्यावर आईने चिमूटभर बोटावर घेतली, डोळे मिटले आणि दातांवरून फिरवली. तुम्ही झुरक्यानंतर जे करायचात ते सगळं तिने केलं. थांबली, जिभेला विचारलं, परत थांबली. मग निकाल दिला, “आधी गोड लागते, मागनं तिखट. दिनूसारखीच हाय.” पुतळीकाकूनेही लावून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. “गुळाची चव येतेय गो. मशेरी हाय का मोदक?” आई म्हणाली, “तुला काय कळतंय? भावाच्या हातची हाय.” तळाला जे लागतं ते तिला लागलं का, हे मी विचारलं नाही, कारण नंतर ती पदराने डोळे पुसत होती आणि तव्याचा धूर गेला म्हणत होती. तवा तर केव्हाच उतरला होता.

तर तुमची तंबाखू अशी संपली. ताटात कणसुद्धा उरला नव्हता, मी पाहिलं. रिकामा डबा माझ्यापाशी आहे. तो धुवावा की वास राहू द्यावा हे ठरत नाही, तुम्ही कळवाल तसं करीन. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा भाचा,
जितेश

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं.) आई रविवारी रोह्याला तुमच्याकडे यायला निघाली आहे. “त्यानं तंबाखू धाडली, आता मी नाय गेले तर कसं दिसेल?” असं म्हणते. मला शिफ्ट आहे, ती एकटीच गाडीने येईल. तेव्हा मामा, हात जोडून विनंती की, ती “तंबाखू पोचली” म्हणाली तर कृपा करून “कुठली तंबाखू?” असं विचारू नका. ‘हं’ म्हणा. तुम्हाला ते उत्तम जमतं. तुम्ही नाही म्हणालात तर ती चहासुद्धा न घेता मागे फिरेल, आणि मग तुम्हा दोघांपैकी कुणीही पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. तुम्हाला खोटं बोलायला लावण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न आहेच. तो मी डायरीत घेईन.

आणखी ता. क. : पाकीट आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. परत येतो तो आई झोपाळ्यावर बसलेली आणि सुरभी तिला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवते आहे. (सुरभीचं म्हणणं, “त्यांनी विचारलं, मी खोटं कसं बोलू? तुमच्याच घरात शिकले.”) मला वाटलं, संपलं सगळं. तर आई हसत होती. “पानाची तंबाखू नि दिनूच्या चुंगीची, त्या पायपाची तंबाखू मला कळत नाय व्हय? लगीन झाल्यापासून भाजतेय. फडकं उचललं तेव्हाच वळखली.” मग दिनूने धाडली असं सगळ्यांना का सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “तो काय धाडत नव्हता. मग मीच आणवली.”

मग ती उठली आणि तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेतून ओल्या फडक्याची एक पुरचुंडी काढून माझ्यासमोर धरली. निम्मी तंबाखू तिने भाजलीच नव्हती. “सगळी कशी भाजीन? त्याला चुंगीत घालायला नको? दिवसाला एकच भर म्हणावं त्याला, जास्त नाय. नि मी त्या दिवशी बोलले ते बोलले. ते परत घ्यायला जायचं तर हात हलवत कशी जाऊ?”

रविवारपर्यंत थांबायला ती आता तयार नाही. उद्याच सकाळच्या गाडीने निघते आहे, म्हणजे टपाल तिच्यामागून पोचेल.

डायरीत नोंद, उद्यासाठी : पत्र पेटीत न टाकता आईच्या पिशवीत, पुरचुंडीखाली ठेवणे.