तू चुकलीस तो निकाल

आई, परवा मी इथल्या कोर्टात जाऊन बसलो. कामासाठी नाही. तुझी नात आता युनिव्हर्सिटीत कायदा शिकते, तिला एक खटला बघून त्यावर लिहायचं होतं. मी रजेवर होतो, म्हणून क्वीन्सटाउनच्या आमच्या घरून तिच्याबरोबर एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, गेलो. मागच्या बाकावर आम्ही दोघंच. आरोपी बांधकामावरचा एक तमिळ कामगार होता. तो एक वाक्य बोलायचा, मग दुभाषी ते इंग्रजीत सांगायचा, आणि तेवढा वेळ न्यायाधीश लिहिणं थांबवून त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचे. इंग्रजी दुभाष्याकडून येत होतं, तरी बघत होते त्या माणसाकडेच.

तुझं कोर्ट मी कितीदा पाहिलंय. बदलीचं प्रत्येक गाव वेगळं, शाळा वेगळी, पण तुझं कोर्ट सगळीकडे सारखंच वाटायचं. वर गरगरणारा पंखा, दाराशी पुकारा करणारा पट्टेवाला, आणि उंचावर काळ्या कोटातली तू. शाळा सुटली की मी तुझ्या चेंबरमध्ये बसून गृहपाठ करायचो. गावात आपण कुणाकडे लग्नाला गेलो नाही, मुंजीला गेलो नाही. एका वकिलानं आंब्याची पेटी पाठवली तेव्हा मी एक आंबा आधीच काढून घेतला होता. तू तो माझ्या हातातून घेऊन पेटीत परत ठेवलास आणि पेटी आल्या पावली परत पाठवलीस. "आज आंबा खाल्लास तर उद्या त्यांचं बोलणं मला गोड लागेल," म्हणालीस. मी रडलो, आणि शाळेत जाऊन तीच गोष्ट छाती फुगवून सांगितली. तुझा मुलगा असणं म्हणजे असं होतं. घरात रडायचं आणि बाहेर मिरवायचं.

त्या शिंप्याचा खटला तुझ्यासमोर आला तेव्हा मी बारावीत होतो. शेजाऱ्याच्या खुनाचा आरोप. पाहणारा साक्षीदार एकच, मेलेल्याचा चुलतभाऊ. गल्लीतल्या दिव्याच्या उजेडात आपण शिंप्याला सुरा घेऊन पळताना पाहिलं, असं तो शपथेवर म्हणाला. शिंप्याकडे पैसे नव्हते, सरकारनं दिलेला वकील होता. तू विचारलंस तेव्हा शिंपी म्हणाला होता, "त्या रात्री दिवे गेले होते, मॅडम." तू ते लिहून घेतलंस आणि त्याला जन्मठेप दिलीस. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच आठवतं, की संध्याकाळी तू घरी आलीस, पदर खोचून ज्वारीच्या भाकऱ्या थापल्यास, वांग्याचं भरीत केलंस आणि माझ्या गणिताच्या मार्कांवरून मला बोललीस. रोजच्यासारखीच संध्याकाळ होती.

तू निवृत्त झालीस, मी नोकरीसाठी इथे परदेशात आलो, लग्न झालं, मुलगी झाली. एका सुट्टीत पुण्याला आलो तर तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होतीस आणि कुकरच्या शिट्ट्या होतच होत्या. गॅस मी बंद केला. मग तू सांगितलंस, हायकोर्टानं शिंप्याला निर्दोष सोडलं होतं. त्या रात्री दिवे खरंच गेले होते. पोलिसांच्याच दुसऱ्या एका साक्षीदारानं तुझ्यासमोर ते सांगितलं होतं, बोलता बोलता, कंदील लावून जेवत होतो म्हणून. तुझ्या लक्षात आलं नव्हतं. नऊ वर्षं तो माणूस आत होता.

"वरच्या कोर्टात निकाल फिरतातच की," मी म्हणालो.

"निकाल फिरला नाही रे. मी चुकले," तू म्हणालीस. "आणि शिक्षा दिली त्या दिवशी मला काहीच वाटलं नव्हतं. काहीच नाही."

दोन दिवसांनी गाडी काढायला सांगितलीस. कुठे जायचं ते अर्ध्या वाटेवर सांगितलंस. मी गाडी वळवली नाही, एवढंच माझं पुण्य.

शिंपी त्याच्या भावाच्या ओसरीवर बसला होता. तुला साध्या सुती साडीत ओळखायला त्यानं वेळ घेतला. मग उठून उभा राहिला, सवयीनं, आणि उभं राहिल्याचा त्याला राग आलेला दिसला.

"बसा म्हणणार नाही," तो म्हणाला.

"नको. मी सांगायला आले," तू हात जोडलेस. "तुम्ही खरं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

आतून एक बाई येऊन दारात उभी राहिली. मग तो म्हणाला, "आता मी त्याचं काय करू?"

माझ्यानं बघवेना. ज्या बाईसमोर अख्खं कोर्ट उठून उभं राहायचं, ती उन्हात हात जोडून उभी होती आणि शेजारपाजारचे लोक जमायला लागले होते. मी पुढे झालो. पुराव्यावर निकाल द्यावा लागतो, साक्षीदार खोटं बोलला त्यात हिचा काय दोष, कायद्यानं हात बांधलेले असतात, असं काहीबाही बोलत सुटलो.

"गप्प बस," तू म्हणालीस. "तुला वकीलपत्र कुणी दिलं?"

"मुलगा का?" शिंप्यानं विचारलं.

"हो."

"मग बोलू द्या त्याला. माझ्या वेळी माझ्या बाजूनं एवढं कुणी बोललं नाही."

एवढं बोलून तो आत गेला. तू थोडा वेळ तशीच उभी राहिलीस, मग गाडीत येऊन बसलीस.

गाडीत मी तुझ्यावर ओरडलो. एवढी मोठी न्यायाधीश, अशी कुणाच्या दारात जाते का? उद्या पेपरात आलं तर? लोक काय म्हणतील? तू खिडकीबाहेर बघत होतीस. टोलनाका गेल्यावर बोललीस. "तुला लाज वाटली ना? मलाही वाटतेय. पण ती माझी आहे. तिच्यावर तू पांघरूण घालू नकोस."

पुढच्याच वर्षी तू गेलीस. वकील मंडळींनी शोकसभा घेतली, निष्कलंक कारकीर्द म्हणाले. आभार मानायला मी उठलो आणि तोच शब्द मीही वापरला. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या.

परवा कोर्ट सुटल्यावर आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवायला बसलो. तुझी नात खुशीत होती. न्यायाधीश किती शांतपणे ऐकत होते ते सांगत होती. मग लक्साच्या रश्श्यातल्या शेवया खाता खाता तिनं विचारलं, "बाबा, आजी पण अशीच होती ना? एव्हर गॉट इट राँग ऑर नॉट?"

म्हणजे तू कधी चुकली होतीस का. सहज विचारलं तिनं. तिच्या सरांना ती तुझ्याबद्दल सांगते, माझी आजी जज होती म्हणून. तिला सगळं सांगायला त्याहून चांगली वेळ नव्हती. त्या ओसरीवर तू जे केलंस ते कळलं असतं, तर तिला तू आत्ता वाटतेस त्याहून मोठी वाटली असतीस, हेही मला त्या क्षणी कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या माहितीत तरी नाही."

"वा, सो गुड लाह," इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली आणि खायला लागली.

कालपासून लिहितोय. वाटलं होतं, शेवटी लिहीन की तिला आज सांगितलं. ती आत तिच्या खोलीत अभ्यास करतेय, दार उघडंच आहे, आणि मी उठलेलो नाही. एक गोष्ट मात्र तुला सांगतो, कारण तुझ्यापर्यंत ती पोचणार नाही. "नाही" म्हणताना मी तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं. आवाज हलला नाही. तू समोर बसलेली असतीस, तर माझी साक्ष खरी धरली असतीस.