कवितांचा उपास

२२ फेब्रुवारी १९९८, रविवार

इसरूने आज मला बरोबर पकडलं!

तापाने पडलाय बिचारा. चर्चमधला आमचा ढोलकीवाला, लहानपणापासूनचा सोबती — खाटेवर नुसता काड्यांचा भारा. पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, प्रार्थना तुम्ही करा." मला तेच हवं होतं! डोळे मिटले नि सुरू झालो. भुजंगप्रयाताची चाल, त्यात उषा, निर्झर, करुणेचा सागर — सगळं कसं ओघात! बाया डोळे पुसत होत्या. आमेन झालं, तसा इसरूने एक डोळा उघडला.

"मस्त झाली, मास्तर. पन माह्यं नाव घ्याचं राह्यलं."

खरंच राहिलं होतं. नाव नाही, ताप नाही, काहीच नाही. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत कान तापलेले.

२५ फेब्रुवारी, भस्म बुधवार

ठरलं. आजपासून ईस्टरपर्यंत उपासकाळ, काहीतरी सोडायचं; मी कविता सोडली. म्हणायची नाही, गुणगुणायची नाही, प्रार्थनेत तर नाहीच नाही. पाळकसाहेब चकित — "अहो, लोक मटण सोडतात!" सोडोत. मटण कधी देवाच्या नि माझ्या मध्ये आलं नाही.

ताराबाईने तर वर हातच जोडले. "बापा, तुये उपकार! आता ईस्टरवरी घर शांत." लग्नाची बायको!

१ मार्च

दात पडल्यावर जीभ सारखी त्याच जागी जाते, तसं होतंय. बाहेर पळस पेटलाय — आणि माझं तोंड बंद!

१० मार्च

पहाटे गुडघे टेकले. "हे पित्या" म्हटलं. पुढे काहीच सुचेना. मग गुडघ्यांनी ओरड केली, उठलो.

इथे लिहून टाकतो, कागद काही हसत नाही. मी शिकवायचो तो सातवीचा वर्ग आठवतो. कौलांतून उतरलेली उन्हाची पट्टी, पोरांचा एक सूर, शेवटच्या बाकावरची करिश्मा डोळे मिटून कविता म्हणायची. तेव्हा वाटायचं, देव इथेच कुठेतरी पोरांत मांडी घालून बसलाय. आता सूर काढून घेतला, तर तिथे कोणी उरतं का? माझी ओळख त्याच्याशी आहे, की नुसती चालीशी? सत्तरी उलटल्यावर हे विचारावं लागतंय!

२४ मार्च

ताराबाईबरोबर मोह वेचायला गेलो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. झाडाखालचा पालापाचोळा तिने आधीच जाळून जागा साफ केलेली, त्या काळ्या भुईवर पिवळी फुलं टपटप पडत होती. वास तर असा, की नुसत्या वासाने माणूस हलका व्हावा! ती वेचता वेचता पुटपुटत होती —

"आज बरे पडले. गुडघा मातर ठणकून राह्यला. आन या मानसाकडे पाह्य थोडा, वाळून चालला..."

"काय म्हणालीस?"

"तुमाले नाई."

"मग कोणाला?"

तिने टोपली कमरेवर घेतली नि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाढा चुकलो! "इथी आनखी कोन हाये?"

मी खाली बसलो. वेचत राहिलो. काही बोललो नाही, पण आज ते न बोलणं रिकामं वाटलं नाही. शेजारी कोणी बसावं नि आपण उठू नये — तसं.

३ एप्रिल

इसरूचा ताप उलटला. त्याला अहेरीच्या दवाखान्यात नेलं. सलाईन, थरथर, डोळे वर. त्याची बायको सुकरी नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी त्याचे पाय धरले. थंडगार!

आणि तोंडातून आलं, "बापा, हा इसरू हाये. आमचा ढोलकीवाला. मले भेव लागून राह्यला. याले नेऊ नको. मी याच्याबिगर काय करू?"

एवढंच. पुढे रडूच आलं. ही माझ्या आईची बोली — जी मी वर्गात पोरांच्या तोंडातून पुसून काढायचो! कुठे जपून ठेवली होती मी?

पाय धरूनच बसलो. दुपारनंतर इसरूला दरदरून घाम सुटला. डोळे उघडले. "मास्तर, पाय सोड. मुंग्या येऊन राह्यल्या."

मी हसत सुटलो. नर्सबाई रागावल्या.

१२ एप्रिल, ईस्टर

उजाडता उजाडता उपासना. इसरू आला! दोघांच्या खांद्यावर हात टाकून. ढोलकीवर दोनच थापा, पण अख्खी मंडळी उभी राहिली. नंतर पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, उपास सुटला. होऊ द्या!" आणि मी कविता म्हटली — खड्या आवाजात, हात उंच करून, कडव्यामागून कडवी. पोरं खिदळली. ताराबाईने कपाळावर हात मारला. केवढी मजा आली! अशी मजा सातवीच्या वर्गातही नव्हती.

१३ एप्रिल

बापा, इतके दिवस मी कागदाशीच बोलत होतो. आज तुले लिहून राह्यलो. ताराबाई चहाले बोलावते. चाल, तू बी ये.